चला नागापूरला, दगड घ्यायला!

वीकेंडला लोणावळा, पाचगणी, अलिबाग सगळेच करतात. या वेळी जरा हटके जाऊ या. नगरच्या एमआयडीसीत, जिथे 'धार' हा शब्द रोजच्या पोटापाण्याचा आहे. परत येताना बॅगेत एक दगड असेल आणि घरातल्या सगळ्या सुऱ्या पुन्हा कामाला लागलेल्या असतील!

एक छोटी टेस्ट घ्या. तुमच्या फ्लॅटच्या किचनमधली सुरी घ्या आणि एक पिकलेला टोमॅटो. सुरी टोमॅटोवर नुसती ठेवा, दाबू नका आणि अलगद मागे ओढा. साल कापली गेली? मग हे पान उलटायला हरकत नाही. टोमॅटो आधी पिचकला आणि मग फाटला? मग तुमचं आमचं जमलं!

आपल्यापैकी बहुतेकांची सुरीची गोष्ट सारखीच असते. नवीन जॉब, नवीन फ्लॅट, सुपरमार्केटमधून रंगीत मुठीची सुरी. सहा महिने मजेत. मग ती कांद्यावरून घसरायला लागते. मग आपण जोर लावतो आणि एके दिवशी ती बोटावर येते. बोथट सुरी जास्त कापते, फक्त चुकीची गोष्ट कापते. मग ती ड्रॉवरच्या तळाशी जाते आणि दुसरी येते. गाठीशी पाच सुऱ्या, पैकी चालणारी एकही नाही.

यावर उपाय म्हणजे धार लावायचा दगड. पण दुकानात किंवा ऑनलाइन शोधायला गेलात की डोकं गरगरतं. २४०, ४००, १०००, ६०००, पाण्याचा, तेलाचा, डायमंड, जपानी, सिरॅमिक... नवशिक्याने घ्यायचा तरी कुठला? या प्रश्नाचं सगळ्यात सरळ उत्तर मिळतं ते शेफकडे नाही, नगरच्या टर्नरकडे.

सीना ओलांडली की

पुण्याहून नगर साधारण १२० किलोमीटर. वाघोली, शिक्रापूर, रांजणगावचा महागणपती, शिरूर, सुपा आणि नगर. २०२४ साली जिल्ह्याचं आणि शहराचं नाव अहिल्यानगर झालं, पण एसटीत कंडक्टरकडे तिकीट मागताना अजूनही बहुतेकांच्या तोंडी 'एक नगर' असंच येतं. शहरातून सावेडीमार्गे मनमाड रस्त्याला लागायचं. हाच रस्ता पुढे राहुरी, कोपरगावकडे आणि शिर्डीला जातो, त्यामुळे साईबाबांच्या भक्तांच्या गाड्या आणि कारखान्यांचे ट्रक इथे एकमेकांना हॉर्न देत असतात. सीना नदी ओलांडली की आलंच नागापूर.

नागापूर हे मूळचं नदीकाठचं गाव. बोल्हेगाव-नागापूर हा आता महापालिकेचा भाग आहे आणि त्याला लागून औद्योगिक वसाहत पसरली आहे. राज्यात १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि त्यानंतर अशा अनेक गावांची नावं कारखान्यांच्या पत्त्यात जाऊन बसली. कुणी 'नागापूरला कामाला आहे' म्हटलं की नगरकर शेती विचारत नाही, 'कुठली कंपनी?' विचारतो. क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज, म्हणजे आजची सीजी पॉवर, हिचा मोटारींचा कारखाना याच वसाहतीत आहे. शहराच्या दुसऱ्या अंगाला, दौंड रस्त्यावर, कायनेटिक. होय, १९७२ साली आलेली आपल्या आई-बाबांची लूना ती यांचीच! आणि धातूशी नगरचं नातं त्याहूनही जुनं. विजापूरच्या बुरुजावर बसलेली मलिक-ए-मैदान ही अवाढव्य तोफ १५४९ साली निजामशाहीत ओतली गेली, ती नगरमध्येच.

पण आपल्याला बघायचेत ते मोठ्या कंपन्यांचे गेट नाहीत. आपल्याला बघायचेत गाळे. पत्र्याचं छप्पर, दोन लेथ, एक ड्रिल, कोपऱ्यात देवाचा फोटो आणि त्याखाली बेंच ग्राइंडर. मोठ्या कंपनीसाठी बुश, शाफ्ट, पिना करून देणारी ही 'जॉब वर्क'ची दुनिया. ओळखीतल्या कुणाचा गाळा असेल तर आत जायला मिळतं. नगर जिल्ह्यात एवढे इंजिनीअर आणि आयटीआयवाले आहेत की ओळख निघतेच!

हिरवं व्हील, पांढरं व्हील

अशाच एका गाळ्यात मी अर्धा तास उभा होतो. टर्नर काकांनी लेथ बंद केला, टूल सोडवलं, डोळ्यांसमोर धरून त्याची कड बघितली आणि ग्राइंडरकडे गेले. ग्राइंडरला दोन बाजूंना दोन व्हील. एक पांढरं, एक हिरवं. काका पांढऱ्यावर गेले. हिरव्यावर का नाही, असं विचारलं तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पोह्यात श्रीखंड घालू का असं विचारलं होतं.

"हे एचएसएस आहे. हिरवं व्हील कार्बाइडला."

एवढ्या दोन वाक्यांत अख्खं शास्त्र आहे. पांढरं व्हील असतं ॲल्युमिनियम ऑक्साइडचं, म्हणजे आपला कुरुंद, फक्त कारखान्यात बनवलेला. ते पोलादासाठी. हिरवं असतं सिलिकॉन कार्बाइडचं. ते त्याहून कडक आणि त्याचा कण तुटताना टोकदार तुटतो, म्हणून लेथच्या कार्बाइडच्या टिपेसारख्या फार कडक गोष्टींना ते लागतं. थोडक्यात काय, तर काका आधी धातू बघतात, मग काम बघतात आणि शेवटी दगड निवडतात. आपण उलटं करतो. आधी दगडाचे रिव्ह्यू वाचतो!

कुरुंद हा शब्दही गंमतीचा आहे. तमिळमधल्या 'कुरुंदम'पासून इंग्रजांनी त्याचं 'कोरंडम' केलं. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन भट्टीत प्रयोग करत होता, तेव्हा त्याला चमचमते, भलतेच कडक स्फटिक सापडले. त्याला वाटलं, हे कार्बन आणि कोरंडमचं मिश्रण असणार. म्हणून त्याने नाव ठेवलं कार्बोरंडम. प्रत्यक्षात ते सिलिकॉन कार्बाइड निघालं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आज हार्डवेअरच्या दुकानात जो काळपट करडा दगड 'कार्बोरंडम' म्हणून मिळतो, त्याची कुंडली ही अशी. आपल्याकडे १९५४ साली मद्रासमध्ये कार्बोरंडम युनिव्हर्सल सुरू झाली आणि उरणजवळ मोरा इथे ग्राइंडवेल. अशा कंपन्यांची व्हील्स आणि दगड गावोगावच्या गाळ्यांत पोचले.

आधी तुमची सुरी ओळखा

काकांच्या पद्धतीनेच जाऊ. धातू कोणता?

आपल्या किचनमधल्या नव्वद टक्के सुऱ्या साध्या स्टेनलेस स्टीलच्या, पातळ पत्र्यातून कापलेल्या असतात. हे स्टील त्या मानाने मऊ. धार लवकर जाते, पण लवकर येतेही. नवशिक्याला याहून चांगला गुरू नाही. दुसरा गट जर्मन पद्धतीच्या जाड, वजनदार सुऱ्यांचा. त्या जरा कडक. तिसरा गट जपानी पद्धतीच्या सुऱ्या, ज्या हल्ली लग्नात गिफ्ट म्हणूनही येतात. त्या आणखी कडक, पातळ आणि नाजूक. जोर लावला तर कड तुटते.

पांढऱ्या सिरॅमिकच्या सुऱ्या आणि ब्रेड कापायच्या करवती सुऱ्या या गोष्टीतून आत्ताच वगळा. सिरॅमिकला डायमंड लागतो आणि करवतीचे दात सपाट दगडावर लागत नाहीत.

आणि घरी विळी असेल तर? विळी तर आपली लाडकी! ती बहुतेक वेळा साध्या लोखंडाची किंवा कार्बन स्टीलची असते. तिला सुरीसारखं दगडावर फिरवायचं नाही. विळी पाटावर पक्की धरायची आणि लहान दगड हातात घेऊन पात्याच्या बाकावरून फिरवायचा. दगड हलतो, पातं नाही. हात पात्याच्या मागच्या बाजूने, धारेच्या वर कधीच नाही. आजीला विचारा, ती करून दाखवेल.

काळ्या दगडाचं काय?

इथे एक रास्त शंका येते. सह्याद्रीत राहतो आपण. पायाखाली दगडच दगड. आपल्याकडे पाटा-वरवंटा, जातं, उंबरा, सगळं दगडाचं. मग विकतचा दगड कशाला?

गावाकडे दगडी पायरीवर विळा घासताना आपण सगळ्यांनी पाहिलंय. नगरच्या आसपासचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यातली खनिजं साधारण कडक पोलादाच्याच तोडीची असतात. म्हणजे मऊ लोखंडाच्या विळ्याला थोडीफार धार येते, पण कडक सुरीवर तो दगड नुसता सरकतो. जगात जे नैसर्गिक दगड धारेसाठी गाजले, त्यांच्यात वेगळा माल आहे. अमेरिकेतल्या अर्कान्सॉच्या दगडात क्वार्ट्झ, बेल्जियमच्या पिवळ्या दगडात गार्नेटचे बारीक कण. आपल्या लाव्ह्यात ते नाही. म्हणून घिसाडी, शिकलगार ही पिढ्यान्‌पिढ्या धारेचं काम करणारी मंडळीही पायरीवर भागवत नाहीत. पाट्यावर चटणी वाटा, सुरी नको.

नंबरचा फंडा

आता दगडावरचे आकडे. नंबर जेवढा लहान, तेवढा दगड खरखरीत. नंबर मोठा, दगड गुळगुळीत. ही पद्धत चाळणीवरून आली. एका इंचात जाळीची भोकं किती, त्यावरून कण किती बारीक ते ठरतं. तुमच्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरा. २४० नंबरच्या दगडाचा कण त्याहून थोडा लहान, ५०च्या आसपास. जपानी मोजणीतल्या १००० नंबरचा कण १५ मायक्रॉनच्याही आत. ६००० म्हणजे जेमतेम २. अमेरिकी, युरोपीय आणि जपानी मोजणी थोडी वेगवेगळी आहे, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे तंतोतंत जुळवत बसू नका.

कामाच्या भाषेत तीन पायऱ्या:

१२० ते ४०० : पात्याला खाचे पडलेत, धार पूर्ण मेली आहे, आकार पुन्हा द्यायचाय.
८०० ते १५०० : सुरी बोथट झाली आहे, रोजची धार परत हवी.
३००० आणि पुढे : धार आहेच, तिला गुळगुळीत करायचंय.

तिसऱ्या पायरीसाठी नवशिका उगाच झुरतो. आरशासारखी चमक दिसायला मस्त, पण टोमॅटोची आणि ढोबळी मिरचीची साल चमक बघत नाही. तिला कडेवरचे सूक्ष्म दात आवडतात. म्हणून ६०००चा दगड आधी घेणं म्हणजे बेसिन न बसवता नळ विकत घेण्यासारखं आहे.

शेल्फवर काय काय?

एमआयडीसीच्या आसपासच्या हार्डवेअरच्या दुकानात जा. बाहेर साखळदंड, पाइप, बेल्ट लटकलेले असतात. आत काउंटरवर 'धार लावायचा दगड' म्हटलं की समोर काय येतं ते बघा.

*दोन बाजूंचा कार्बोरंडम.* एक बाजू कोर्स, एक फाइन. अनेकदा पाकिटावर आकडाही नसतो. दोन्ही बाजू मिळून हे साधारण १२० ते २४०च्या मुलखातलं काम. चहा-नाश्त्याच्या बिलात बसेल एवढा स्वस्त, भरपूर टिकाऊ. बोथट झालेल्या साध्या स्टीलच्या सुरीला हा चटकन जागेवर आणतो. उणीव एकच, कड थोडी खरखरीत राहते.

*ऑइल स्टोन.* फिटर आणि टूलमेकरचा लाडका. कारखान्यात टूलची कड शेवटी हाताने साफ करायला वापरतात. बारीक आणि कडक, पण हळू कापतो. तेल लागतं. आणि एकदा दगडाला तेल पाजलं की तो कायमचा तेलाचाच होतो, पुन्हा पाण्यावर नीट चालत नाही. किचनला याची गरज नाही.

*पाण्याचा दगड, १००० किंवा ४००/१०००.* हा हार्डवेअरच्या दुकानात क्वचित, ऑनलाइन सहज. मऊ असतो, त्यामुळे नवीन कण सतत वर येत राहतात आणि काम पटापट होतं. पण त्याच कारणाने तो मधून झिजून खोलगटही होतो. काही दगड आधी दहा-पंधरा मिनिटं पाण्यात बुडवावे लागतात, काहींना नुसतं वरून शिंपडलं तरी पुरतं. पाकीट वाचा.

*डायमंड प्लेट.* धातूच्या पट्टीवर हिऱ्याची बारीक भुकटी बसवलेली. कधी खोलगट होत नाही, पटकन कापते. जोर दिला तर मात्र कण उपटून येतात. हलका हात असेल त्यालाच ही फळते.

*ओढायचं यंत्र.* दोन चाकांच्या फटीतून सुरी ओढा, झालं! झटपट आहे, पण कोन यंत्राचा असतो, तुमच्या सुरीचा नाही. धातूही जास्त खातं. घाईच्या सकाळी ठीक, शिकायला नाही.

तर मग घ्यायचा कुठला?

उत्तर काकांच्या दोन वाक्यांत होतंच. धातू बघा, काम बघा.

तुमच्याकडे साध्या स्टीलच्या चार बोथट सुऱ्या आहेत? मग पहिला दगड एकच: दोन बाजूंचा कार्बोरंडम, आठ इंच लांब, दोन इंच रुंद. लहान दगड स्वस्त वाटतो, पण पातं सारखं कडेवरून घसरतं आणि कोन बिघडतो. दोन महिने यावर हात बसवा. हात बसला आणि गोडी लागली, तर मग १०००चा पाण्याचा दगड घ्या. दोन्ही मिळून तुमचं आयुष्यभराचं किचन भागतं.

तुमच्याकडे एखादी चांगली, महागडी, कडक सुरी आहे आणि ती अजून पूर्ण बोथट झालेली नाही? मग कार्बोरंडम टाळा आणि थेट १०००चा पाण्याचा दगड घ्या. चांगल्या कडेला खडबडीत दगड लावणं म्हणजे सिल्कच्या शर्टाला घासणी!

दुकानात उभं राहून तीन गोष्टी तपासा. एक, दगडावर स्टीलची पट्टी उभी धरा आणि उजेडाकडे बघा. पट्टीखालून उजेड दिसला तर दगड वाकडा आहे. दोन, कोपरे तुटलेले, टवके उडालेले नकोत. तीन, दोन बाजूंच्या मधला जोड बोटाने चाचपा, भेग नको. दुकानदार वैतागणार नाही. त्याची रोजची गिऱ्हाइकं याहून जास्त तपासतात!

हात कसा बसतो

दगडाखाली ओला नॅपकिन घाला, म्हणजे तो ओट्यावर सरकत नाही. दगडावर पाणी शिंपडा. आता कोन. साध्या आणि जर्मन सुऱ्यांना प्रत्येक बाजूने साधारण २० अंश, जपानीला १५. कंपास काढायची गरज नाही. सुरीचं पातं जेवढं रुंद, त्याच्या एक तृतीयांश उंचीवर पाठीची बाजू उचला. साडेचार सेंटिमीटर रुंद पातं असेल तर पाठ दीड सेंटिमीटर वर. शाळेतल्या भूमितीने हिशेब केला तर हे साडेएकोणीस अंश येतात. झालं काम!

खरी गोष्ट कोन किती हा नाहीच. खरी गोष्ट कोन न हलणं. अठरा असो की बावीस, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच राहिला पाहिजे. मनगट आवळून धरा, हालचाल खांद्यातून आणा. खसाखसा नाही, एका लयीत. दगडाचा आवाज ऐका. कोन बदलला की आवाज बदलतो.

एका बाजूने घासत राहिलात की उलट्या बाजूला कडेवर बारीकशी मुरड येते. वर्कशॉपमध्ये तिला 'बर' म्हणतात. दिसत नाही, पण अंगठा पाठीकडून धारेकडे आडवा सरकवला की बोटाला अडकते. धारेच्या दिशेने लांबीत बोट कधीच फिरवायचं नाही! बर टोकापासून मुठीपर्यंत सगळीकडे जाणवली की त्या बाजूचं काम संपलं. मग दुसरी बाजू, तशीच. शेवटी फाइन बाजूवर अगदी हलक्या हाताने एकदा इकडून, एकदा तिकडून, असं करत बर काढून टाका. नवशिक्यांची धार बहुतेक वेळा इथेच अडते. बर येण्याआधीच ते बाजू बदलतात आणि मग दगडाला दोष देतात.

सुरी धुवा, पुसा. वर्तमानपत्राचा कागद उभा धरून कापा. सर्रकन गेला? अभिनंदन!

आणि दगडाचीही निगा हवी. ग्राइंडरचं व्हील गुळगुळीत झालं की काका त्यावर ड्रेसर फिरवतात, नवीन कण उघडे करतात. आपला दगडही मधून झिजतो. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखा, सपाट टाइलवर २२० नंबरचा पाण्याचा सँडपेपर ठेवा आणि दगड त्यावर घासा. सगळ्या रेघा गेल्या की दगड सपाट झाला.

ग्राइंडरवर का नाही?

"एवढं कशाला? एमआयडीसीत आलोच आहोत तर ग्राइंडरवर दोन मिनिटांत लावून घेऊ की!" असं वाटणं साहजिक आहे. नका करू. सुरीचं पातं पातळ असतं. फिरत्या कोरड्या व्हीलवर कड क्षणात तापते. पोलाद ३०० अंशांच्या आसपास गेलं की निळं दिसायला लागतं. सुरी बनवताना तिला त्याहून कमी उष्णतेवर पक्कं केलेलं असतं. निळी झालेली कड म्हणजे मऊ झालेली कड. ती आज छान कापेल आणि चार दिवसांत पुन्हा बोथट होईल. टर्नर टूल मधूनमधून पाण्यात बुडवतात ते उगीच नाही. हातातल्या दगडावर ही भानगडच नाही. तिथे सुरी तापतच नाही.

सायकलवर चाक लावून गल्लीत येणाऱ्या धारवाल्याचंही तेच. जो पाणी वापरतो आणि हलका हात ठेवतो, त्याला अवश्य काम द्या. ठिणग्यांचा पाऊस पाडतो, त्याला जुनी कात्री देऊन बघा आधी.

फेकून द्यायची धार

त्या गाळ्यात लेथच्या पलीकडे एक नवं सीएनसी मशीन होतं. तिथला ऑपरेटर विशीतला. त्याने टूल बदललं, पण तो ग्राइंडरकडे गेला नाही. त्याने स्क्रू सैल केला, कार्बाइडचा एक छोटा चौकोनी तुकडा फिरवून नवी कड पुढे आणली आणि स्क्रू आवळला. याला इन्सर्ट म्हणतात. सगळ्या कडा संपल्या की तुकडा डब्यात. डबा भरला की भंगारात, कारण त्यातल्या टंगस्टनला भाव आहे. पुन्हा धार लावायची नाहीच.

यात चूक काही नाही. सीएनसीला प्रत्येक वेळी तीच माप, तोच आकार हवा. हाताने लावलेल्या टुलात तो फरक येतो. हिशेब सरळ आहे. पण मी विचारलं, टूल ग्राइंडिंग येतं का, तर तो पोरगा हसला. "आयटीआयत केलं होतं. इथे कधी लागलंच नाही." काकांना रिटायर व्हायला दोन वर्षं आहेत. त्यानंतर पांढरं आणि हिरवं व्हील त्या ग्राइंडरवर असतील, पण कुठलं कशाला, हे सांगणारं माणूस त्या गाळ्यात नसेल.

आपल्या ड्रॉवरच्या तळाशी पडलेल्या पाच सुऱ्या म्हणजे हेच आहे. आपणही इन्सर्टसारखं वागतो. कड संपली, फेका, नवी आणा. फरक एवढाच की कारखान्यात त्यामागे हिशेब आहे, आपल्याकडे फक्त आळस. किचनमध्ये मायक्रॉनचं माप सांभाळायचं नसतं. तिथे टर्नर काकांची पद्धतच चालते: आपलं टूल आपणच लावायचं.

आणि त्याचं बक्षीस लगेच मिळतं. नगर म्हणजे कांद्याचं माहेरघर. नेप्ती आणि घोडेगावच्या बाजारात कांद्याचे ढीग बघितले की कळतं. २०२५ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी कांदा कापताना वेगवान कॅमेरा लावून बघितलं. बोथट पात्याने कांदा आधी दबतो आणि मग त्यातून रसाचे तुषार जोरात वर उडतात. धारदार पात्याने, सावकाश कापलं तर तुषार कमी. म्हणजे तुमच्या डोळ्यातलं पाणी कांद्यामुळे निम्मं आणि सुरीमुळे निम्मं! परत येताना कांद्याची एक पिशवी घ्याच. सरावाला लागेल.

जाताय?

*कसं जाल:* पुण्याहून एसटी भरपूर. स्वतःच्या गाडीने अडीच ते तीन तास धरा, वाघोलीचा ट्रॅफिक तुमच्या नशिबावर. नगर शहरातून नागापूर पाच-सहा किलोमीटर, रिक्षा मिळते.

*कधी जाल:* एमआयडीसीतल्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी शटर बंद असतात. ओळखीच्या माणसाला आधी फोन करून विचारा. शनिवारी दुपारच्या आत पोचलात तर उत्तम.

*गाळ्यात जाताना:* परवानगी घेऊनच. सैल ओढणी, लोंबती लेस, सँडल नको. चालू मशीनजवळ फोटोसाठी वाकू नका.

*काय घ्याल:* आठ इंची दोन बाजूंचा कार्बोरंडम, २२० नंबरचा पाण्याचा सँडपेपर, स्टीलची छोटी पट्टी. एका पिझ्झाच्या पैशात तिन्ही बसतील.

*घरी आल्यावर:* सगळ्यात स्वस्त सुरीपासून सुरुवात करा. गिफ्टची जपानी सुरी दिवाळीनंतर!